वर्डमधून प्रिंट येते, मग बिलाची का नाही? तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमची तक्रार अशी: नवा लेझर प्रिंटर वर्डमधून छान छापतो, पण जुन्या डॉस (विंडोजच्या आधीची सिस्टीम) बिलिंगमधून बिल निघत नाही, माणूस दोनदा आला, दोन्ही व्हिजिटचे पैसे घेतले आणि शेवटी म्हणाला प्रिंटर बदला. तुमचा राग रास्त आहे. प्रिंटरचं मॉडेल बघून हे पहिल्याच फेरीत सांगायला हवं होतं. दुसऱ्या व्हिजिटचे पैसे परत करतो.

पण प्रिंटर बिघडलेला नाही आणि सेटिंगही चुकलेलं नाही. वर्ड पान विंडोजच्या ड्रायव्हरकडे देतं, ड्रायव्हर ते प्रिंटरला कळेल असं करून पाठवतो. डॉस प्रोग्रामला ड्रायव्हर माहीतच नाही. तो अक्षरं आणि कोड थेट एलपीटी-१ वर, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टवर टाकतो: २७ व ६४ म्हणजे रीसेट, १५ म्हणजे बारीक टाइप, १२ म्हणजे पान बाहेर. आम्ही प्रिंटर शेअर करून विंडोजच्या नेट यूज कमांडने एलपीटी-१ त्याला जोडला, म्हणून बिल प्रिंटच्या रांगेत दिसतं, हिरवा दिवा दोनदा लुकलुकतो आणि रांग रिकामी होते. कागद येत नाही, कारण हे मॉडेल फक्त स्वतःच्या ड्रायव्हरची भाषा जाणतं. साधी अक्षरं ते टाकून देतं.

तुम्ही म्हणता ती यूएसबी-पॅरलल केबल घेऊ नका. तिने एलपीटी-१ तयार होत नाही, आणि या प्रिंटरला पॅरलल सॉकेटही नाही.

हाच प्रिंटर ठेवायचा तर डॉसबॉक्स-एक्स वापरू. विंडोजमध्ये जुना डॉस कॉम्प्युटर उभा करणारं ते फुकट सॉफ्टवेअर आहे. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये पॅरलल-१ ला ‘प्रिंटर’ लावायचं, आउटपुटही ‘प्रिंटर’ ठेवायचं आणि टाइमआउट (किती वेळ नवं काही आलं नाही की पान छापायचं) ३००० मिलिसेकंद द्यायचा. टाइमआउट शून्य राहिला आणि प्रोग्रामने शेवटी १२ पाठवला नाही, तर शेवटचं पान आत अडकतं. डॉसबॉक्स-एक्स डॉसचे कोड वाचून पान स्वतः तयार करतं आणि ड्रायव्हरमार्फत छापतं. उद्या ६४-बिट विंडोज घेतलंत, जिथे तुमचा प्रोग्राम सरळ उघडणारच नाही, तिथेही हेच चालेल. मात्र दोन काउंटरवरून एकाच वेळी तोच डेटा उघडत असाल तर लॉकिंग (एकच नोंद दोघांनी एकदम बदलू नये याची सोय) तपासल्याशिवाय बसवणार नाही; इंडेक्स (नोंदी शोधायची यादी) बिघडला तर महिन्याचा हिशोब जातो.

कार्बन कॉपी हवी असेल तर लेझरचा उपयोग नाही, डॉट मॅट्रिक्सच लागेल. एप्सन एलएक्स-३१० ला यूएसबी आणि पॅरलल दोन्ही आहेत आणि हे कोड त्याला समजतात. यूएसबीवर लावलात तर शेअरचं नाव आठ अक्षरांत, स्पेस न देता ठेवा. नेट यूज ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने चालवू नका, ती जोडणी साध्या लॉगिनमधून उघडलेल्या प्रोग्रामला दिसत नाही. प्रोग्राम सुरू करणाऱ्या बॅच फाइलमध्येच (कमांड लिहिलेली छोटी फाइल) नेट यूजची ओळ टाकलेली बरी.

प्रोग्रामचं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करून, प्रिंटर आणि त्याची केबल घेऊन दुकानात या. मूळ डेटाला हात न लावता तुमच्यासमोर बिल काढून दाखवतो. याचे पैसे नाहीत.