फोन करून काम होत नाही का? प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ग्राहकांच्या तक्रारींसाठी गुगल फॉर्म, शीट आणि जीमेल आम्ही एकमेकांना कसं जोडलं, ते मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणालात, "सात माणसांच्या ऑफिसात ही जोडाजोड कशाला? एक फोन केला की काम होतं. आणि ज्यानं हे बसवलं तो नोकरी सोडून गेला की सगळं ठप्प." पहिला मुद्दा मला पटत नाही. दुसरा पूर्ण पटला. त्याबद्दल मी एक ओळही लिहिली नव्हती, ते चुकलंच.

आमचं काम वॉटर प्युरिफायर दुरुस्तीचं. उन्हाळ्यात दिवसाला 40 तक्रारी येतात. त्या व्हॉट्सअ‍ॅपवर यायच्या, आमच्या ऑफिसातल्या ताई त्या वहीत लिहायच्या, वहीतून शीटमध्ये भरायच्या, मग टेक्निशियनला फोन. एकच पत्ता तीन वेळा. टेक्निशियन गाडीवर असला की फोन लागत नाही, आणि तोवर पुढचा ग्राहक दारात उभा. एका आजींचं नाव वहीत होतं, शीटमध्ये आलंच नाही. त्या नऊ दिवस पाणी उकळून पीत होत्या. यात ताईंना काय बोलणार? संध्याकाळी सात वाजता चाळिसावा पत्ता उतरवताना कुणाचीही नजर चुकेल.

आता फॉर्म भरला की शीटमध्ये ओळ येते आणि पिनकोड बघून त्या भागातल्या टेक्निशियनला मेल जाते. फोन आजही होतात. पण ताई आता फोन करतात ते मशीन गळतंय की पाण्याला वास येतोय, हे नीट विचारून घ्यायला. ते काम त्यांच्याइतकं चांगलं कुणालाच जमत नाही.

आता तुमचा दुसरा मुद्दा. ही मेल आपोआप जाते ती अ‍ॅप्स स्क्रिप्टमुळे, म्हणजे शीट आणि जीमेलला जोडणाऱ्या गुगलच्याच छोट्या प्रोग्रॅममुळे. तो कधी चालवायचा (इथे, फॉर्म भरला की) हे ठरवणारी आज्ञा म्हणजे ट्रिगर. असा ट्रिगर ज्यानं लावला त्याच्याच खात्यातून चालतो. ते खातं बंद केलं की ट्रिगरही थांबतो. शिवाय स्क्रिप्ट अडकल्याची सूचनासुद्धा त्याच खात्यावर येते. म्हणजे तक्रारी शीटमध्ये साचत राहणार आणि ऑफिसात कुणाला पत्ताच नाही! तुमची प्रतिक्रिया वाचून मी तपासलं, तर आमचा ट्रिगर माझ्या स्वतःच्या खात्यावर होता.

म्हणून आता ऑफिसचं वेगळं खातं काढलंय, त्याचा पासवर्ड दोघांकडे आहे. शीटमध्ये 'मेल गेली' असा रकाना आहे, त्यात वेळ पडते. रोज सकाळी 9 ते 10 च्या दरम्यान एक मेल येते: काल तक्रारी किती आल्या, किती पोचवल्या. (वेळेचा ट्रिगर ठरल्या मिनिटाला चालत नाही, निवडलेल्या तासात कधीतरी चालतो.) दहानंतरही ती आली नाही, तर ताई स्वतः शीट उघडून बघतात.

आणखी एक हिशेब आधीच करून ठेवा. साध्या जीमेल खात्यावरून स्क्रिप्टला दिवसाला 100 जणांनाच मेल पाठवता येते. ग्राहकाला पोच आणि टेक्निशियनला काम, असं धरलं तर 40 तक्रारींना 80 मेल तिथेच संपतात.

ट्रिगर दुसऱ्या खात्यावर नेताना नवा लावून थांबू नका. जुना तसाच राहिला तर दोन्ही चालतात आणि प्रत्येक तक्रारीची मेल दोनदा जाते. जुना काढायचा तर ज्यानं लावला त्यालाच आपल्या खात्यात जाऊन काढावा लागतो. तुमच्याकडे असं काही कुणी बसवलेलं असेल, तर त्याच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसाआधी त्याला शेजारी बसवून हे करून घ्या.