‘फेरफार’ला फारसी ठरवणाऱ्यांसाठी

‘फेरफार हा फारसी शब्द. फेर म्हणजे चक्कर, फार म्हणजे पुष्कळ. खरा अर्थ लबाडी. अस्सल मराठी शब्द फेरबदल, तोच वापरा.’ पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय, खाली ‘अभिमानाने पुढे पाठवा’ आहेच.

आधी ‘फार’ची गंमत. ‘धूमधाम’मधला धाम चारधामातला नव्हे आणि ‘चूपचाप’मधला चाप बंदुकीचा नव्हे. पहिल्या शब्दाचा स्वर पालटून त्याला जोड द्यायची ही आपली जुनी खोड. ‘फेरफार’मधला फारही तसलाच. ‘फेर’ फिरण्याच्या कुळातला. फेरा, फेरी, फेरफटका ही त्याचीच भावंडं. यात फारसीचा संबंध कुठे आला?

बरं, सुचवलेला पर्याय कोणता, तर फेरबदल. त्यातला ‘बदल’ अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला. म्हणजे घरचा हाकलून पाहुण्याला घरमालक केलं! मला पाहुण्याचं वावडं नाही. ज्यांना आहे त्यांनी निदान चौकशी करावी.

आता लबाडी. ‘हिशेबात फेरफार केला’ म्हटलं की भुवई उंचावते, खरं आहे. पण ती हिशेबामुळे. ‘कार्यक्रमाच्या वेळेत किरकोळ फेरफार’ यात कुणाला घोटाळा दिसतो?

आणि हवेली-मुळशीत ज्यांची जमीन आहे त्यांना तर हा शब्द सरकारदरबारी रोज भेटतो. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. खरेदी झाली, वारस लागले, की तिथे नोंद होते, नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. जुना हस्तलिखित सातबारा काढून बघा: आधीच्या मालकाच्या नावाला कंस, नव्या नावाजवळ वर्तुळात फेरफार क्रमांक. जमीन जागची हलत नाही, कागदावरची नावं हलतात. ही लबाडी असेल तर १९६६च्या जमीन महसूल संहितेचं कलम १५० लबाडीचं म्हणायला हवं.

मेसेजच्या शेपटाला एक ओळ आहे: ‘फेरफार झाला की मालकी पक्की.’ ती मात्र शब्दापेक्षा महागात पडेल. फेरफार महसुली नोंद आहे. मालकी ठरते खरेदीखत, वारसा यांवर, आणि वाद झाला तर दिवाणी न्यायालयात. सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. तेव्हा नोंदीच्या भरवशावर इसार देऊ नका, आधी खरेदीखत बघायला मागा.