परधर्मीयांशी मैत्री, कमीत कमी कष्टांत

आपण सहिष्णू आहोत हे आपलं आपण ठरवायचं असतं. शेजाऱ्याला विचारलंत तर घोळ होतो.

सुरुवात शुभेच्छांनी करा. दुसऱ्यांचे सगळे सण आनंदाचेच असतात असं धरून चाला. करबलाच्या शहादतीच्या दिवशी 'हॅपी मोहरम' पाठवा. येशूला क्रुसावर चढवलं त्या शुक्रवारीही हॅपीच. नावातच गुड आहे. पारशी मित्राला पतेतीच्या शुभेच्छा द्या. पतेती म्हणजे वर्षाचा शेवटचा, पश्चात्तापाचा दिवस आणि नवं वर्ष दुसऱ्या दिवशी, असल्या बारकाव्यात शिरू नका. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं. भरपाईला आपल्यासारखा अधिकमास नाही, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. हे समजून घेतलंत, तर 'यंदा इतक्या लवकर कशी?' हा हक्काचा प्रश्न हातचा जाईल.

रमजानात सहकाऱ्याला 'अहो, पाणी तरी घ्या' असा आग्रह धरा. आपल्याला एकादशीला साबुदाणा चालतो, मग त्यांना पाणी का नाही? मीटिंग मात्र नेमकी सूर्यास्ताला लावा. पर्युषणात जैन मित्राला रात्री नऊला जेवायला बोलवा, आणि पावभाजीतला बटाटा चमच्याने वेगळा काढून द्यायची तयारी दाखवा.

२०२३ साली २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, तेव्हा मुंबईत जुलूस दुसऱ्या दिवशी निघाला. यावर भरभरून टाळ्या वाजवा. पुढच्या वेळी आपण काय पुढे ढकलणार, हा विषय मात्र निघू देऊ नका.

कौतुकात हात आखडू नका. 'तुम्ही त्यांच्यातले वाटतच नाही हो!' याहून मोठी पावती नाही. वसईत पिढ्यान्‌पिढ्या सामवेदी ही मराठीचीच बोली बोलणाऱ्या ख्रिस्ती बाईंना 'मराठी किती छान बोलता' म्हणा. त्या हसतील. सवयीने.

खरं कौशल्य लागतं ते सोसायटीत. सहकारी संस्था अधिनियम, १९६०, कलम २३ म्हणतं की, पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. त्यातून अर्जावर तीन महिन्यांत काही कळवलं नाही, तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. तेव्हा गप्प बसणंही धोक्याचं! अर्ज कार्यालयापर्यंत पोहोचताच कामा नये. एजंटला आधीच सांगून ठेवा. तो फोनवर आडनाव विचारेल, क्षणभर थांबेल आणि म्हणेल, 'कालच गेला हो फ्लॅट.' कागद नाही, सही नाही, शिक्का नाही. मूळ मालक कुरकुरला तर 'आमचं काही नाही, पण बाकीचे ऐकत नाहीत' असं सांगा. बाकीचेही हेच सांगतील, काळजी नको.

२६ जानेवारीला 'विविधतेत एकता' देखावा हवाच. त्यात गोल टोपी घालून उभं राहायला एक मुलगा लागतो. तसा कुणी बिल्डिंगमध्ये नसणार, तर अध्यक्षांचा नातू चालतो. टोपी भाड्याने मिळते.