मेन गिअरबॉक्स कधी बदलला होता?

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर कुणीतरी तौक्ते वादळातला जुना व्हिडिओ टाकला. मे २०२१, खवळलेला अरबी समुद्र, वर नौदलाचं सी किंग हेलिकॉप्टर. लगेच सॅल्यूटचा पाऊस. मामांनी एकच ओळ लिहिली, "याचा मेन गिअरबॉक्स कधी बदलला होता, ते विचारा." मेन गिअरबॉक्स म्हणजे इंजिनाची ताकद वरच्या पात्यांपर्यंत नेणारा भाग. कुणी विचारलं नाही.

मामा नौदलात हेलिकॉप्टरचे मेकॅनिक होते. त्यांच्या गोष्टींत शौर्य कमी, मीठ जास्त. समुद्रावरून आलेलं मशीन गोड्या पाण्यानं धुवायचं. काम संपलं की पेटीतले पाने मोजायचे, एक कमी भरला तर सापडेपर्यंत उड्डाण नाही. महत्त्वाच्या भागांचं आयुष्य उड्डाणाच्या तासांत ठरलेलं आणि प्रत्येकाचं वेगळं कार्ड. तास भरले की भाग दिसायला ठणठणीत असला तरी बाहेर. आपण स्कूटरचे ब्रेक "काढू अजून महिनाभर" म्हणत ओढतो, तसलं तिथे चालत नाही.

पण काढलेल्याच्या जागी लावायला नवा हवा ना!

१९९८ ला पोखरण झालं आणि अमेरिकेनं निर्बंध घातले. सी किंग आपण घेतलं इंग्लंडच्या वेस्टलँडकडून, पण मूळ आराखडा अमेरिकेच्या सिकॉर्स्कीचा आणि आत अमेरिकी भाग. म्हणजे दुकान इंग्रजाचं, किल्ली तिसऱ्याकडेच. सुटे भाग अडकले आणि धडधाकट हेलिकॉप्टरं जमिनीवर बसली. अशा वेळी जगभरचे मेकॅनिक करतात तेच करावं लागतं, एकाचं काढून दुसऱ्याला लावायचं. काम दुप्पट, आणि ज्याचं काढलं ते उघडंबोडकं पडून.

"मग स्वदेशी बनवा" म्हणणाऱ्यांनो, बनवलंय की. ध्रुव. सप्टेंबर २०२४ मध्ये तटरक्षक दलाचं ध्रुव एका टँकरवरच्या जखमी खलाशाला आणायला निघालं आणि पोरबंदरजवळ समुद्रात कोसळलं. ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरलाच दुसरं पडलं, तिघे गेले. तपासात बोट गेलं स्वॉशप्लेटकडे. पायलटच्या हातातली हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत पोचवणारा हा भाग. तो तुटला की पायलट कितीही कसलेला असो, हातात काही उरत नाही. त्यानंतर देशभरातली ध्रुव जमिनीवर. लष्कर आणि हवाई दलाच्या ध्रुवना आधी परवानगी मिळाली, समुद्रावरच्यांना त्यानंतरही थांबावं लागलं. स्वदेशी असलं तरी एकेका भागावर अख्खा ताफा अडतोच.

आणि १९६० च्या दशकापासून सेवेत असलेलं चेतक हेलिकॉप्टर? तौक्तेत पालघरच्या किनाऱ्याजवळ अडकलेल्या बार्जवरून (सपाट तळाच्या मोठ्या तराफ्यावरून) माणसं उचलायला तेच म्हातारं गेलं होतं.

माझं मत विचाराल तर दहा हेलिकॉप्टरं घ्यायची असतील तिथे आठ घ्या आणि उरलेल्या पैशात भाग भरून ठेवा, दुरुस्तीची सोय इथेच करा. पण ताफ्यासमोर फीत कापता येते. गोदामातल्या लाकडी खोक्यासमोर कोण फोटो काढणार? उलट ऑडिटवाले विचारतील, एवढा माल पडून का? मामा मात्र म्हणाले, "भरमसाट भरूनही चालत नाही बाबा, रबरी सील कपाटात बसूनसुद्धा म्हातारे होतात." हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

शेवटी मीच विचारलं, मग त्या व्हिडिओतल्याचा गिअरबॉक्स कधी बदललेला? "मला काय माहीत? कार्डावर असतं," म्हणाले. मग व्हिडिओ पुन्हा लावला, डोळे मिटले आणि मोबाइल कानाशी धरून ऐकत बसले.