‘ऐकलेलं ५ टक्के, शिकवलेलं ९० टक्के’: त्या त्रिकोणाचं काय करायचं?

शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक रंगीत त्रिकोण वर्षानुवर्षं फिरतोय. प्रशिक्षणातल्या पडद्यावरही तो अधूनमधून झळकतो. त्याचं म्हणणं असं: व्याख्यान ऐकून ५ टक्के लक्षात राहतं, वाचून १०, दृक्‌श्राव्य साधनांनी २०, प्रात्यक्षिक पाहून ३०, गटचर्चेतून ५०, स्वतः करून ७५ आणि दुसऱ्याला शिकवून ९० टक्के. खाली तात्पर्य: सांगणं बंद करा, मुलांना करू द्या.

त्याच्या बाजूनं नेहमी केले जाणारे दावे एकेक करून बघू. ‘आकडे संशोधनातून आले आहेत.’ सगळेच्या सगळे पाचाच्या पटीत? खरी मोजणी इतकी नीटनेटकी येत नाही. कोणत्या इयत्तेची मुलं, कोणता धडा, किती दिवसांनी तपासलं, यातलं काहीच त्यावर नसतं. याच चित्राच्या दुसऱ्या एका अवतारात ऐकलेलं एकदम २० टक्क्यांवर जातं! हे आकडे अमेरिकेतल्या नॅशनल ट्रेनिंग लॅबोरेटरीज या संस्थेच्या नावावर खपतात. आकडे बरोबर असल्याचं ती सांगते, पण मूळ संशोधन तिच्याकडेही उरलेलं नाही.

‘हा एडगर डेल यांचा शंकू आहे.’ अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेल यांनी १९४६ मध्ये शिकण्याच्या अनुभवांचा शंकू मांडला हे खरं. तळाशी प्रत्यक्ष अनुभव, टोकाला शब्द, मध्ये सहल, प्रदर्शन, चित्रपट वगैरे. पण त्यात एकही टक्का नव्हता. ते नंतर चिकटवले गेले.

‘सांगून काही उपयोग नाही.’ इथे मुलांचं नुकसान होतं. ५२ वजा २७ पहिल्यांदाच शिकणाऱ्या वर्गाला ‘गटात शोधा’ म्हटलं, तर ज्याला घरी कुणी शिकवलंय तो सोडवतो आणि बाकीचे तक्त्याला नक्षी काढतात. त्यापेक्षा फळ्याशी उभं राहून डोक्यात चाललेलं मोठ्यानं बोलावं: ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक दशक सुटा केला. आता सुटे बारा, दशक चार.’ अशी दोन उदाहरणं पूर्ण करावीत, तिसरं अर्ध्यावर सोडून मुलांना द्यावं आणि मग खुशाल गट करावेत. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर या संशोधकांनी १९८५ मध्ये बीजगणितावर हेच तपासलं. सोडवलेली उदाहरणं आधी अभ्यासलेल्या मुलांनी तशीच पुढची गणितं लवकर आणि कमी चुका करत सोडवली.

‘दुसऱ्याला शिकवलं की ९० टक्के पक्कं.’ असं असतं तर इतकी वर्षं इतिहास शिकवून सनावळीसाठी आपल्याला पुस्तक उघडावं लागलं नसतं. शिकवण्यानं फायदा होतो, यात शंका नाही. पण त्याचं एक मोठं कारण म्हणजे शिकवताना आठवावं लागतं, आणि आठवायला लावणं शिक्षकाला रोज, फुकटात जमतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ५६. (मोजलेले आकडे असे ओबडधोबड दिसतात.) धडा दोनदा वाचून घेतला की ‘आलं, आलं’ असं मुलांना आणि आपल्यालाही का वाटतं, ते या पहिल्या पाच मिनिटांत दिसतं.

म्हणून तासाची सुरुवात पुस्तक मिटून, पाटीवर किंवा वहीच्या मागच्या पानावर: कालचे दोन प्रश्न, मागच्या आठवड्यातला एक. उत्तरं लगेच फळ्यावर, चुका तिथेच दुरुस्त. गुण द्यायचे नाहीत. दिले की मुलं शेजाऱ्याचं बघतात.

‘प्रश्न विचारले की वर्ग आपोआप कृतिशील होतो.’ हे त्रिकोणात नाही, पण त्याच्याबरोबर पुढे पाठवलं जातं. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधकांना विज्ञानाच्या तासांत आढळलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तेच तीन सेकंद थांबले, तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. त्यासाठी आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. नाव आधी घेतलं की उरलेला वर्ग सुटला. आणि दर वेळी हात वर करणाऱ्या त्याच चौघांकडे बघायचं नाही, तेही सोपं नाही. पाठ वेळेत संपवायचा असतो तेव्हा तर मुळीच नाही.