पेठांचा लिलाव कशासाठी?

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर राडा झाला की आठवडाभरात एक जुनाच प्रस्ताव नव्याने फिरू लागतो. पेठांचे फुटबॉल संघ चालवणाऱ्या तालमींकडून फुटबॉल काढून घ्या, सहा-आठ संघ करून उद्योजकांना लिलावात विका, बाहेरचे खेळाडू आणा, सामने टीव्हीवर दाखवा. मग म्हणे पेठापेठांतली खुन्नस संपेल आणि खेळ 'व्यावसायिक' होईल. यावेळी तो आमच्या शाळेच्या ग्रुपवर टाकला पुण्यात स्थायिक झालेल्या एका मित्राने. आणि खाली लिहिलं, "तू जर्मनीत आहेस, तूच सांग यांना, तिकडं असलं राडेबाजीचं काही चालतं का?"

चालतं. त्याच्या समजुतीपेक्षा बरंच जास्त चालतं, आणि तरीही इथे कोणी डुइसबुर्गचा संघ डुइसबुर्गकरांकडून काढून घ्या म्हणत नाही.

मी राहतो त्या शहराचा संघ एमएसव्ही डुइसबुर्ग. बुंडेसलीगा ही जर्मनीची सर्वात वरची लीग 1963 मध्ये सुरू झाली तेव्हाच्या सोळा संघांपैकी हा एक, पहिल्याच हंगामात दुसरा आलेला. 2024 च्या उन्हाळ्यात हाच संघ तिसऱ्या विभागातून घसरून चौथ्यात आला, म्हणजे रेगिओनाललीगात. देशभरात तिचे पाच प्रादेशिक गट आहेत, आमचा पश्चिमेचा. त्या हंगामात सामने कोणाशी? बोखोल्ट, व्हीडेनब्र्युक, शाल्के आणि क्योल्नचे राखीव संघ. लिलावात घेतलेला संघ असता तर मालकाने त्याच आठवड्यात गाशा गुंडाळला असता. इथे उलट झालं. 2024-25 च्या हंगामात घरच्या मैदानावर सरासरी पंधरा हजारांच्या वर माणसं आली. चौथ्या विभागाला! श्लेंक स्टेशनवर उतरून स्टेडियमकडे चालणारी गर्दी बघितली तर हा संघ खाली गेलाय असं कोणी म्हणालं नसतं. संघ पहिला आला आणि एका वर्षात वर गेला.

मित्राचं म्हणणं, इथे सगळं शिस्तीत असतं. त्याच हंगामात त्याच गटातले दोन संघ मध्येच बाहेर पडले. आधी टुर्कश्पोर डॉर्टमुंड, मग वसंतात केएफसी युर्डिंगेन. युर्डिंगेन म्हणजे साधा क्लब नव्हे. 1985 मध्ये बायर्न म्युनिकला हरवून जर्मन कप जिंकलेला संघ. पैसे संपले, दिवाळखोरी झाली, आणि त्यांचे त्या हंगामातले सगळे निकाल रद्द करून गुणतक्ता नव्याने मांडावा लागला. त्यांना हरवून मिळवलेले गुणही गेले. तेव्हाच आपल्याकडे आय-लीगचा, म्हणजे देशातल्या दुसऱ्या पायरीच्या लीगचा, विजेता कोण यावर रण पेटलं होतं. एप्रिलमध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला विजेता ठरवलं गेलं, आणि जुलैमध्ये स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने विजेतेपद इंटर काशीला दिलं. त्यावर ग्रुपवर हळहळ, "हे फक्त आपल्याकडंच होतं." अरे बाबा, गुणतक्ता कागदावर बदलणं ही काही भारताची मक्तेदारी नाही. फरक एवढाच की युर्डिंगेन बुडालं म्हणून ते ज्या शहरातलं त्या क्रेफेल्डच्या लोकांना कोणी तुमची लायकीच नाही असं सांगितलं नाही.

यावर मित्राने आरबी लाइपझिग पुढे केला. पेय विकणाऱ्या कंपनीने 2009 मध्ये मार्करानश्टेट नावाच्या छोट्या क्लबची जागा घेतली आणि बघता बघता संघ बुंडेसलीगात नेला, मग कोल्हापुरात का नको? हे उदाहरण देणाऱ्याला त्याच लाइपझिगमधला लोकोमोटिव्ह माहीत नसतो. तो दिवाळखोरीत गेला तेव्हा चाहत्यांनी तो पुन्हा उभा केला आणि 2004 मध्ये अगदी तळाच्या विभागापासून खेळायला लागले. त्या तळाच्या विभागातल्या एका सामन्याला बारा हजारांहून जास्त लोक आले होते. 2025 मध्ये हेच लोकोमोटिव्ह पूर्वेच्या गटात पहिले आले आणि तरीही वर गेले नाहीत, कारण पाच गटविजेत्यांना मिळून वरच्या चारच जागा असतात. दोघांना आपसात खेळावं लागतं. हानोफरजवळच्या गार्बसेनमधल्या हावेल्से या छोट्या क्लबशी पहिला सामना बरोबरीत सुटला, परतीच्या सामन्यात जादा वेळेत लोकोमोटिव्ह हरले. गटात पहिला येऊन जिथे होता तिथेच. या नियमावर इथे वर्षानुवर्षं भांडण चालू आहे आणि मला ते रास्त वाटतं. पण ते भांडण काय आहे ते बघा. पहिला आलेला वर गेलाच पाहिजे, एवढंच. वर जायचं दारच बंद करा असं कोणी म्हणत नाही.

ते दार आपण बंद केलं होतं. गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तीन क्लबांनी 2016 मध्ये, तेव्हा देशातली वरची लीग असलेली, आय-लीग सोडली, कारण फ्रँचायझींच्या इंडियन सुपर लीगला, म्हणजे आयएसएलला, वरचं स्थान द्यायचं घाटत होतं आणि मैदानावर जिंकून तिथे पोचायची वाट दिसत नव्हती. धेंपो पाच वेळा देशाचा विजेता. अशा क्लबला सांगितलं गेलं की वरच्या पंगतीत बसायला खेळ पुरत नाही. आणि ज्या आयएसएलसाठी हे केलं, तिचा हंगाम 2025 च्या जुलैमध्ये हक्कांचा करार संपत आला म्हणून लटकला. कागद संपत आला आणि लीग थांबली. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांच्यातला सामना कुठल्या करारावर चालत नाही. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन 1940 पासून आहे आणि तालमी तिच्याही आधीच्या.

माझे वडील मंगळवार पेठेतल्या पाटाकडील तालमीचे. आई शिवाजी पेठेतली. शिवाजी तरुण मंडळाशी सामना असला की मामा त्या दिवशी आमच्याकडे जेवायला येत नसत, आणि आई दोन्ही बाजूंना काही न बोलता चहा करायची. गल्लीच्या तोंडाशी हलगी कडकडायला लागली की दुकानदार गल्ला अर्धवट टाकून उठत. ही ईर्षा ज्याला नुसता राडा दिसते त्याने ती कधी आतून बघितलेली नाही. पुण्यात सोफ्यावर बसून इंग्लिश प्रीमियर लीग बघणाऱ्याने तर पेठेला शिकवूच नये.

मारामारीचं समर्थन मी करत नाही. दगड हा दगडच. इथेही पाहुण्या संघाच्या समर्थकांना पोलीस स्टेशनापासून घेरून आणतात, मशाली पेटतात, धुराने खेळ थांबतो, क्लबला दंड होतो. आणि याहून वाईटही घडलं आहे. डिसेंबर 2021 मध्ये याच डुइसबुर्गच्या स्टेडियमवर ऑस्नाब्र्युकचा आरोन ओपोकु कॉर्नर घ्यायला गेला असताना प्रेक्षकांतून वर्णद्वेषी शेरा आल्याची तक्रार झाली आणि सामना तिथेच सोडून द्यावा लागला. बाकी स्टेडियमने नाझींविरुद्ध घोषणा दिल्या, हेही खरं. पण शेऱ्याची ती बातमी वाचल्यापासून मी गॅलरीत उभा असताना मागून येणारा प्रत्येक आवाज आधी नीट ऐकतो, मग ओरडतो. कोल्हापुरात नायजेरिया-घानाचे खेळाडू पेठांकडून खेळले, त्यांना कडेवरून काय काय हाका मारल्या जातात ते मी लहानपणी नव्हे, मोठेपणी ऐकलंय. तेव्हा ते कानावरून जात असे. आता जात नाही. लिलाव करून ही गोष्ट सुटणार नाही, ती पेठेलाच सोडवावी लागेल.

आणि मी एवढा पेटून का लिहितोय, तेही सांगतो. मी एमएसव्हीचा सभासद आहे. व्यावसायिक संघाचा कारभार कंपनी बघते, पण निर्णायक मतं सभासदांच्या संस्थेकडेच राहिली पाहिजेत, असा इथला नियम. वार्षिक सभेत मी हात वर करतो तेव्हा तो मोजला जातो. या शहरात मी कर भरतो, माझी मुलगी इथल्या शाळेत जाते, पण महापौर निवडायला मला मत नाही, कारण पासपोर्ट भारताचा. कोल्हापुरात मत आहे, पण मतदानाला मी नसतो. माझं मत जिथे खरोखर पडतं अशी जागा आज एक फुटबॉल क्लब आहे, आणि तो माझ्या आजोबांचा नाही. शेजारी उभा असलेला म्हातारा मला दर मोसमात विचारतो, मूळचा कुठला. त्यात वाकडं काही नसतं. पण पाटाकडीलच्या कट्ट्यावर हा प्रश्न मला कोणी कधी विचारणार नाही, आणि ती एकच जागा कोणी लिलावात काढायची म्हणतो तेव्हा मला गप्प बसवत नाही.

म्हणून मित्राला माझं उत्तर असं. गोंधळ घालणाऱ्या तालमीचा पुढचा सामना रिकाम्या स्टेडियमवर खेळवा. पुन्हा घातला तर गुण कापा. पेठेला गुण कापलेले दंडापेक्षा जास्त लागतात. खेळाडूला रंगावरून हाक मारली की पंचाने खेळ थांबवावा. आणि प्रत्येक तालमीने फुटबॉल संघासाठी खुली सभासद नोंदणी करावी, वर्गणीची पावती द्यावी, वर्षाचा हिशेब सभेत मांडावा, बायकांनाही त्या सभेत बसवावं. पाटाकडीलने सुरुवात केली तर पावती माझ्या आणि आईच्या नावाने फाडावी, पैसे मी इथून पाठवतो.