नऊची शाळा, अकराचा सूर्य

"लेकरांना अंधारात उठवणं हा अत्याचार आहे," असं वहिनीने परवा फोनवर सुनावलं आणि माझं डोकं फिरलं. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नका, असं महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं, तेव्हापासून आमच्या घरात हा वाद धुमसतोय. दादाची शाळा दोन पाळ्यांची, त्यामुळे तो विरोधात. वहिनी ठाम बाजूने.

अंधार? पुण्यात भर जानेवारीत सूर्य सात-सव्वासातला वर येतो. इथे आइसलंडची राजधानी रेक्याविकमध्ये डिसेंबरात तो अकरा वीसच्या सुमाराला उगवतो आणि साडेतीनला मावळतो. माझी मुलगी आठला जाकिटाला चमकपट्ट्या लावून एकटी चालत शाळेत जाते. सकाळ म्हणजे शाळेची घंटा, सूर्याचा तिच्याशी संबंध नाही. अजून तरी काही बिघडलेलं नाही.

यातला थोडा दोष घड्याळाचाच. रेक्याविक जवळपास २२ अंश पश्चिमेला, पण १९६८ पासून बारा महिने ग्रिनिचची वेळ पाळतं. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य दीड तासाने मागे. माध्यान्ह होते दीडच्या आसपास. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावर ठरते; पुण्याचा सूर्य त्या मानाने जेमतेम पस्तीस मिनिटं मागे आहे. मुंबईने तर १९५५ पर्यंत ३९ मिनिटं मागे असलेली आपली वेगळी वेळ सांभाळली होती. वहिनीला हवी ती निवांत सकाळ तिच्या आजोबांना फुकट मिळत होती.

२०१९ मध्ये इथल्या पंतप्रधान कार्यालयाने तीन पर्याय मांडून लोकांची मतं मागवली: घड्याळ तासभर मागे घ्या, शाळा उशिरा भरवा, किंवा काही न बदलता लोकांना लवकर झोपायला सांगा. मला पटतो तिसरा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री आठनंतर, उन्हाळ्यात दहानंतर एकटं बाहेर राहायचं नाही, असा इथे कायदाच आहे. दादाकडे मालिका संपल्यावर पानं मांडतात, पोरं अकराला आडवी होतात आणि मग दोष कोणाला, तर शाळेला! (रेक्याविकनेच मोठ्या मुलांचे वर्ग अलीकडे आठ पन्नासच्या पुढे ढकललेत, हे मी वहिनीला सांगितलेलं नाही.)

"तुझं काय, तू तिकडचा," असं म्हणून तिने फोन दादाकडे दिला. ते मात्र लागलं. तिकडचा म्हणजे कुठला? दिवाळीत सूर्योदय नऊच्या आसपास, त्यामुळे आठला उठून उटणं लावलं तरी अभ्यंगस्नान शास्त्रोक्त; आईला फोटो पाठवतो, ती खूश. पण चार वाजता थंडीत कुडकुडत पाटावर बसायचा तो वैताग इथे कुठून आणायचा?

२०२० मध्ये सरकारने घड्याळ होतं तसंच ठेवलं. झोपेच्या अभ्यासकांचा कल ते मागे घेण्याकडे होता आणि माझ्या मुलीच्या दृष्टीनेही तेच बरं होतं. मी मात्र विरोधात मत नोंदवलं. माझं ऑफिस चारला सुटतं, तेव्हा पुण्यात साडेनऊ वाजलेले असतात आणि आई दहाला गोळी घेऊन झोपते. तासाने मागे गेलो असतो तर आठवडाभर तिच्याशी बोलणं झालं नसतं. मतात मी लिहिलं होतं, संध्याकाळचा उजेड जाईल.